चार आकडे

हिरव्या पत्र्याची माझी टपरी,
किसुमूच्या धक्क्यापासून साठ पावलं.
इथे पैसे फोनमध्ये शिरतात, फोनमधून निघतात
आणि दोन्ही वेळा मासळीचा वास येतो.

लोक आपला पिन मोठ्यानं सांगतात,
ओमेनाचा भाव सांगावा तसा.
"ओपोन्दो, चष्मा घरी राहिला, तूच दाब रे."
"हात ओले आहेत, तूच दाब."
मी दाबत आलो. नऊ वर्षं.
एकेचाळीस माणसांचे चार-चार आकडे
माझ्या डोक्यात येऊन बसलेत
न विचारता मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यांसारखे.
विसरू म्हटलं की जास्तच पाठ होतात.

कुणाचं मुलाच्या जन्माचं साल,
कुणाचा बुडालेल्या होडीचा नंबर.
इग्नेशियस न्हावी सरळ एक दोन तीन चार.
म्हणतो, माझ्याकडून कोण काय नेणार?
आणि आठवड्यातून दोनदा विचारतो, शिल्लक किती.

एका मंगळवारी आवुओर आली,
मासे धुरावणारी, सत्तरीच्या पुढची.
काउंटरवर फोन ठेवला,
मेलेली चिमणी ठेवावी तसा.
मेसेज आला होता: सौरदिवा, फुकट, आजच.
तिनं लिंक दाबली, आकडे भरले,
आणि चांगली गोष्ट एकटीनं का घ्यावी म्हणून
भिशीतल्या तेवीस बायकांना पुढे पाठवली.
अडतीस हजार शिलिंग होते.
अकरा उरले.

हवालदार आला. उभ्या उभ्याच विचारलं,
पिन आणखी कुणाला माहीत?
सगळी रांग माझ्याकडे बघू लागली.
माझ्या घशात काटा अडकला.
मागच्या शुक्रवारीच तर मी दाबले होते
ते चार आकडे, तिच्यासाठी.

आवुओर म्हणाली,
"ह्याला माहीत आहे. नऊ वर्षं माहीत आहे.
नऊ वर्षांत एक शिलिंग इकडचा तिकडे झाला नाही.
चोर कुठेतरी दूर बसलाय, त्याला शोधा.
पण दार मी उघडलं. ह्या बोटानं."
आणि बोट वर केलं.
नखाला एक खवला चिकटलेला होता.

हवालदारानं मग सावधगिरीवर भाषण दिलं.
त्याच्या फोनच्या पाठीवर चिकटपट्टी होती,
तिच्यावर निळ्या शाईत चार आकडे.
माझ्या डोक्यात बेचाळिसावा पाहुणा शिरला.

ती घरी गेली नाही.
तेवीस दारं, उन्हात, पायी.
मी म्हटलं, फोन कर ना.
म्हणाली, फोनवरूनच तर गेलंय ते, माझ्या नावानं.
माझं नाव बघून उघडतील त्या.
मला त्यानं लुटलं. त्यांच्या दारापर्यंत त्याला
मी बोट धरून नेलं.
तिघींनी उघडलं होतं आधीच.
एकीनं दार तोंडावर लावलं.
आवुओर बंद दारालाही सगळं सांगून आली.

सरोवरावर तेव्हा जलपर्णी पसरली होती.
तीही म्हणे आधी शोभेचं फूल म्हणूनच आली,
कुणीतरी कौतुकानं पाण्यात सोडली.
आता वल्हं शिरत नाही.

ऑगस्टमध्ये ती पुन्हा आली. पिन नवा.
मी सवयीनं हात पुढे केला.
तिनं फोन छातीशी धरला,
माझ्याकडे पाठ केली,
डाव्या तळव्याचं छप्पर केलं
आणि एकेक आकडा शोधत बसली.
चार मिनिटं. मागे रांग कुरकुरली.
इग्नेशियस म्हणाला, म्हातारीला ओपोन्दोचा भरवसा उरला नाही.

मी सरोवराकडे बघत होतो.
मान वळवणं हेही माझंच काम होतं,
पाटीवर लिहायचं राहून गेलेलं.

"झालं," ती म्हणाली.
डोक्यातला तिचा पाहुणा उठून गेला होता.
त्याची जागा मी झाडली,
आणि इग्नेशियसला म्हटलं,
तुझे तूच दाब.